निळ्या रेषेचं नीतिशास्त्र

पर्यावरणावरचं मराठी व्याख्यान आता ठरलेल्या वाटेने जातं. आरंभी झाडावेलींना नातलग म्हणणारा तुकोबांचा अभंग. मग वडाला सूत, नागाला दूध, बैलाला पुरणपोळी आणि नदीला आई, ही यादी. त्यानंतर पश्चिमेचा समाचार: त्यांनी निसर्गाला वस्तू मानलं, आपण देव मानलं. शेवटी उपाय: मुळांकडे वळा, नदीकडे पुन्हा आई म्हणून पाहा, बाकीचं आपोआप होईल. वक्ता कीर्तनकार असो, आमदार असो की पर्यावरणशास्त्राचा प्राध्यापक, क्रम सहसा बदलत नाही. या सगळ्याच्या मुळाशी एक सिद्धान्त आहे आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे: निसर्गाविषयीचं माणसाचं कर्तव्य श्रद्धेतून उगवतं; श्रद्धा आटली म्हणून कर्तव्य आटलं.

हा सिद्धान्त मला मान्य नाही. त्याचं खंडन करायला चिखलीइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचित सापडेल.

पण खंडनाची जुनी शिस्त अशी की पूर्वपक्ष इतका नीट मांडावा की प्रतिपक्षानेही मान डोलवावी. तेव्हा आधी त्याची बाजू. १९६७ साली लिन व्हाइट या मध्ययुगाच्या अभ्यासकाने ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. आजच्या पर्यावरणसंकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती धर्मविचारात आहेत, सृष्टी माणसाच्या उपभोगासाठी निर्माण झाली या समजुतीने निसर्गातला देव हद्दपार केला आणि मग कुऱ्हाड चालवायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली, असं त्याचं म्हणणं. तो लेख जगभर गाजला. आपल्याकडे त्याचा अर्थ सोयीने असा लावला गेला की गोऱ्यांनीच कबूल केलं, आता आपण सुटलो.

याहून भक्कम पुरावा आपल्या घरचा आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर बोडके झालेले असताना देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांत जुनी झाडं उभी होती. श्रद्धेने जंगल राखलं, याचा याहून ठसठशीत दाखला कुठला?

पूर्वपक्ष असा आहे. आता चिखलीकडे येऊ.

पिंपरी-चिंचवडच्या नकाशावर चिखली उत्तरेला, इंद्रायणीच्या काठी. वर देहू, खाली आळंदी, मध्ये तळवडे, चिखली, मोशी. १९९७मध्ये महापालिकेत आलेलं हे गाव. पण त्याचं जुनं नाव टाळगाव चिखली. तुकोबा वैकुंठाला गेले तेव्हा त्यांचा टाळ इथे पडला, अशी श्रद्धा आहे. त्यांच्या चौदा टाळकऱ्यांत मल्हारपंत कुलकर्णी चिखलीकर हे नाव येतं. महापालिकेने संतपीठही इथेच उभारलं. ज्या नदीत गाथा बुडवली गेली असं सांगतात आणि जिच्या काठी ज्ञानेश्वरांनी १२९६ साली समाधी घेतली, त्या नदीचा दोन्ही तीर्थांच्या मधला हा भाग. श्रद्धेची घनता मोजायचं यंत्र असतं तर त्याचा काटा इथे शेवटच्या आकड्याला टेकला असता.

आणि हीच इंद्रायणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आहे. आळंदीत बंधाऱ्यावरून पाणी कोसळतं तिथे पांढरा फेस साचतो. बर्फासारखा दिसणारा तो फेस वारीच्या तोंडावर हमखास वर्तमानपत्रांत झळकतो. कपडे-भांडी धुण्याच्या पावडरींतली आणि कारखान्यांत वापरली जाणारी फेसाळ रसायनं प्रक्रिया न होता पाण्यात आली आणि ते पाणी उंचावरून आपटलं की हे होतं. त्यात रहस्य काही नाही. वरच्या अंगाला लोणावळ्यापासून तळेगाव-देहूपर्यंतचं सांडपाणी, एका बाजूला चाकणची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवडचे नाले. कारखान्यांना दोष देणं सोपं आहे आणि तो बराचसा खराही आहे. पण घरोघरच्या मोरीतून निघणारं मैलापाणी हा आपल्या बहुतेक नद्यांचा मोठा आजार आहे, आणि ते पाठवणाऱ्या घरांत नदीला आई न म्हणणारं घर शोधावं लागेल.

इथे पूर्वपक्षी म्हणेल, ही खरी श्रद्धा नव्हे; खरी श्रद्धा असती तर घाण केलीच नसती. या युक्तिवादाची गंमत अशी की तो कधीच हरत नाही. नदी स्वच्छ असली तर श्रद्धेमुळे, घाण असली तर श्रद्धेच्या अभावामुळे. पुरावा कुठलाही आला तरी निकाल ठरलेला. अशा विधानाला सिद्धान्त म्हणता येत नाही.

वस्तुस्थिती उलट आहे. श्रद्धा खरी आहे, आणि ती खरी असूनच हे घडतं. केली अ‍ॅली या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बनारसच्या घाटांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या पंड्यांना गंगेतली गटारं दिसत नव्हती असं नाही. पण त्यांच्या लेखी गंगेची घाण वेगळी आणि गंगेचं पावित्र्य वेगळं. घाण बाहेरून येते. पावित्र्य नदीच्या स्वभावातच आहे, त्याला घाणीचा स्पर्श होत नाही. जी सगळ्यांचं पाप धुते ती मैल्याने कशी बाटेल? हा विचार अंधश्रद्ध नाही, आतून सुसंगत आहे. फक्त त्यातून नदी साफ ठेवण्याचं कर्तव्य निघत नाही; उलट, नदीचं काही बिघडतच नाही अशी ग्वाही निघते. आईच्या रूपकाचंही तसंच. आई सगळं पोटात घालते, आई रागावली तरी माफ करते. जिच्यापुढे चुकलं तरी चालतं, तिच्यापुढे माणूस हमखास चुकतो.

अ‍ॅन फेल्डहाउस यांचं महाराष्ट्रातल्या नद्यांवरचं पुस्तक १९९५ साली आलं. नदीची ओटी भरणं, तिला साडी नेसवणं, घाटावरची व्रतं यांचा इतका बारकाईने केलेला अभ्यास दुसरा नाही. आपल्याकडे नदीकडे मोक्षापेक्षा इथल्या गोष्टींसाठी लोक जातात, असं त्यांना दिसलं: मूलबाळ, अन्नधान्य, आरोग्य, आयुष्य. म्हणजे नदीशी आपलं नातं मुख्यतः मागण्याचं आहे. मागण्यात गैर काही नाही. पण तिच्यासाठी आपण काय सोडायचं, याचा विधी मला त्या समृद्ध कर्मकांडात ठळकपणे कुठे दिसत नाही.

लिन व्हाइटला पहिलं चोख उत्तर मिळालं तेही पूर्वेच्याच दाखल्याने. यी-फू तुआन या चिनी वंशाच्या भूगोलतज्ज्ञाने १९६८मध्ये दाखवलं की निसर्गाशी एकरूप होण्याचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्या चीनने आपली अरण्यं शतकानुशतकं तोडली. बौद्ध मंदिरांच्या उभारणीला लाकूड लागलं, दहनाला लागलं. लिहायची शाई पाइनच्या काजळीची, म्हणून कवितेपायीही झाडं गेली. समाज निसर्गाविषयी काय बोलतो आणि निसर्गाशी काय करतो, यांत सरळ नातं नसतं. हे तुआनने सांगून अर्धशतक उलटलं, तरी आपल्या व्याख्यानांना व्हाइट पुरतो, तुआन लागत नाही.

मग कर्तव्य कशातून येतं? चिखलीत याचं उत्तर एका रेषेने दिलं आहे, आणि ती रेषा पाटबंधारे खात्याची आहे. (नीतिशास्त्राचा धडा पाटबंधारे खात्याकडून घ्यावा लागेल असं मलाही कधी वाटलं नव्हतं.)

नदीच्या दोन्ही काठांना नकाशावर दोन रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येण्याजोग्या पुराचं पाणी जिथपर्यंत पोचेल, किंवा पात्रात मावणाऱ्या प्रवाहाच्या दीडपट पाणी जिथपर्यंत जाईल, त्यातलं जे जास्त ती निळी रेषा. शंभर वर्षांच्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. निळ्या आणि लाल रेषेमध्ये अटी. चिखलीत इंद्रायणीच्या काठाला या निळ्या रेषेच्या आत प्लॉट पाडले गेले, विकले गेले, आणि त्यांवर टुमदार बंगले उभे राहिले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पीठापुढे गेलं. १ जुलै २०२४ रोजी निकाल लागला: बांधकामं पाडा, आणि पर्यावरणाच्या हानीपोटी पाच कोटी रुपये वसूल करा. रहिवासी सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथेही निकाल कायम राहिला. १७ मे २०२५ रोजी महापालिकेने छत्तीस बंगले पाडले.

त्यानंतर जी हळहळ व्यक्त झाली ती खोटी नव्हती. कर्ज काढून घेतलेलं घर डोळ्यांदेखत जाणं ही लहान गोष्ट नाही, आणि त्याकडे मी पुढे येणारच आहे. पण त्या हळहळीत एक वाक्य सतत ऐकू येत होतं: एका कागदावरच्या रेषेसाठी माणसांची घरं पाडली. ही रेषा कागदावरची नाही, हे मात्र ठणकावून सांगायला हवं. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. चिखलीत त्याच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास. इंद्रायणीचा पूर चिखलीच्या आभाळातून येत नाही, तो घाटमाथ्यावर तयार होतो. मार्च महिन्यात प्लॉट बघायला आलेल्या माणसाला समोर दिसतं ते शांत, अर्धं पात्र, पलीकडे हिरवं शेत आणि थंड वारा. नदी त्याला तिच्या खऱ्या रुंदीत दिसतच नाही. ती रुंदी त्याला दाखवायची म्हणूनच ती रेषा.

आणि पंचवीस वर्षांतून एकदा म्हणजे नातवाच्या वेळी बघू, असाही समज आहे. असा पूर कुठल्याही एका वर्षी येण्याची शक्यता चार टक्के. गृहकर्जाची मुदत वीस वर्षं धरा. त्या वीस वर्षांत तो एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. म्हणजे निदान एकदा येण्याची शक्यता ५५ टक्क्यांहून अधिक. नाणं उडवून घर घेण्यापेक्षाही ही बाजी वाईट. शिवाय पात्रात भराव टाकून, राडारोडा ओतून एका काठाने आपली जमीन उंच केली की पाणी समोरच्या काठावर किंवा खालच्या गावात शिरतं. म्हणजे यात शेजाऱ्याचाही प्रश्न आहे, आणि तो शेजारी बहुधा प्लॉटिंगमधला नसतो.

आता वास्तुशांतीचा विचार करा. कलश मांडताना त्यातल्या पाण्यात नद्यांना आवाहन होतं. नदीच्या पुराच्या वाटेत घर बांधायचं आणि मग तिला तांब्याच्या कलशात यायचं आमंत्रण द्यायचं, यात कुणाला विसंगती वाटत नाही. पूजा सांगणाऱ्या गुरुजींना नाही, यजमानांना नाही. कारण श्रद्धेच्या भाषेत नदीची रुंदी हा विषयच नाही. निळ्या रेषेला मात्र तुमच्या मनातल्या भावनेशी कर्तव्य नाही. तुम्ही वारकरी असा, नास्तिक असा, नदीकडे पाहून तुम्हाला कविता सुचो वा सर्दी होवो. ती एवढंच म्हणते की ही जागा नदीची आहे, इथे तुम्ही नाही. माणसाने निसर्गापुढे स्वतःला थांबवण्याची ही माझ्या मते आपल्याकडची सर्वांत प्रामाणिक नैतिक कृती आहे, आणि तिच्यात अलंकार एकही नाही.

न्यायालयांनी हा विचार आधीच मांडलेला आहे. बियास नदीचा प्रवाह एका हॉटेलला धोका ठरू लागला तेव्हा यंत्रं लावून तो प्रवाहच वळवण्यात आला. डिसेंबर १९९६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेहता विरुद्ध कमलनाथ खटल्यात सांगितलं की नदी, समुद्रकिनारा, जंगल यांची सरकार मालक नाही, विश्वस्त आहे. विश्वस्ताला ठेव खाजगी हौसेसाठी देऊन टाकता येत नाही. त्याच वर्षी वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या खटल्यात ‘जो प्रदूषण करील तो भरपाई देईल’ हे तत्त्व न्यायालयाने या देशाच्या कायद्याचा भाग मानलं. राज्यघटनेतल्या नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत १९७६ साली नद्या-जंगलांच्या रक्षणाचं कलम आलं. यातल्या कशालाही नदीच्या देवीपणाचा आधार घ्यावा लागला नाही.

आणि जिथे सरकारने विश्वस्तपण झटकलं, तिथे श्रद्धा आडवी आली का? महाराष्ट्रात नद्यांची वर्गवारी करून प्रदूषणकारी उद्योगांना नदीपासून ठरावीक अंतरावर ठेवणारं नदी नियमन क्षेत्र धोरण होतं. फेब्रुवारी २०१५मध्ये सरकारने ते रद्द केलं. काही अभ्यासक आणि कार्यकर्ते ओरडले. पण घाटांवरच्या आरत्यांत त्याची चर्चा झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. धोरण गेलं, आरती राहिली. ज्याला ‘आई’ शब्दाच्या नैतिक बळाचा भरवसा आहे, त्याने या एका प्रसंगाचं स्पष्टीकरण द्यावं.

इथे मला ‘परंपरेविरुद्ध आधुनिकता’ असा सामना लावायचा नाही. तो लावला की दोन्हीकडचे लोक सुखाने झोपी जातात. मर्यादेची नीती आपल्याही परंपरेत आहे, फक्त व्याख्यानांत ती येत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेलं आज्ञापत्र घ्या. आरमाराला लाकूड हवं, आणि राज्याला आरमार हवं. तरी आंबा-फणसाला हात लावू नका असं तिथे बजावलं आहे. कारण ती झाडं एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर मालकाला राजी करून, त्याला पैसे देऊन तोडा, जबरदस्ती नको. या उताऱ्यात झाडाची पूजा नाही. काळाचं भान आहे, मालकाची संमती आहे, मोबदला आहे, आणि सत्तेला घातलेली वेसण आहे. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले जंगलखात्यावर तुटून पडतात ते निसर्गप्रेम कमी म्हणून नव्हे. गावाची चराईची जमीन सरकारने राखीव करून टाकली आणि भार गुराख्यावर पडला, हा त्यांचा आक्षेप. त्याच पुस्तकात डोंगरउतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे घालायची सूचनाही आहे. निसर्ग राखायचा, पण कुणाच्या जिवावर, हा प्रश्न फुल्यांनी तेव्हाच विचारून ठेवला.

पूर्वपक्षाचं देवराईचं अस्त्र अजून शिल्लक आहे. ते खोटं नाही, पण त्याला लावलेला अर्थ तपासावा लागेल. देवराई टिकली तिथे नुसता भाव नव्हता. हद्द ठरलेली होती, वाळलेली काटकीही उचलायची नाही असा नियम होता, मोडणाऱ्याला गावचा दंड होता, आणि कोण राखणार हेही ठरलेलं होतं. म्हणजे देवराई हीच गावाने आखलेली निळी रेषा. गाडगीळांनी लिहिलेली श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची हकिगत बोलकी आहे. वनखात्याने तिथली राई तोडायला काढली तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवण्यासाठी मदत मागितली, आणि त्यांच्या बोलण्यात देवीच्या बरोबरीने राईतून निघणाऱ्या ओढ्याच्या पाण्याचा हिशेब होता. उलट जिथे देव राहिला आणि नियम सुटला, तिथे जीर्णोद्धारासाठी देवाचाच कौल लावून झाडं तोडली गेल्याची उदाहरणं कोकणात कमी नाहीत. देऊळ सिमेंटचं झालं, राई गेली, भक्ती तसूभरही उणावली नाही. श्रद्धा नियमाला बळ देऊ शकते, हे मी मान्य करतो. नियमाच्या जागी ती उभी राहू शकत नाही.

आधुनिक पूर्वपक्षी एक वेगळी वाट काढतो. नदीला आई नको तर कायद्याने व्यक्ती माना, असं तो म्हणतो. न्यूझीलंडने मार्च २०१७मध्ये व्हांगानुई नदीला हा दर्जा दिला. पण तिथे माओरींशी दीर्घ वाटाघाटी करून नदीच्या वतीने बोलणारे नेमले, पैसा बाजूला काढला, जबाबदाऱ्या लिहून काढल्या. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला व्यक्ती ठरवलं. लगेच प्रश्न उभा राहिला की उद्या पुरात नुकसान झालं तर लोकांनी खटला नदीवर भरायचा का? राज्य सरकारच वरच्या न्यायालयात धावलं, आणि जुलैमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. आपल्याकडे देवत्व दिलं काय आणि व्यक्तित्व दिलं काय, पदवी बहाल करून मोकळं होण्याची खोड जात नाही. देणेकरी कोण, हे कुणी लिहीत नाही.

देणेकऱ्याचा प्रश्न आला की मला माझ्या लाडक्या रेषेवरही टीका करावी लागते. चिखलीतली कारवाई कायद्याने योग्य होती. न्याय मात्र तिने अर्धाच केला. प्लॉट पाडणारा, ते विकणारा, खरेदीखत नोंदवून मुद्रांक शुल्क घेणारा, विजेचं मीटर देणारा, बांधकाम उभं राहताना वेळेवर न थांबवणारा, कर्ज मंजूर करणारा, अशा साखळीत शेवटचा दुवा म्हणजे घर घेणारा. बुलडोझर पोचला तो या शेवटच्या दुव्यापर्यंत. घरमालक सगळेच भाबडे होते असं मी म्हणणार नाही. नदीकाठच्या बंगल्याची हौस आणि स्वस्त भाव यांनी भल्याभल्यांचे डोळे मिटतात. पण नदीचं देणं ज्यांनी विकून खाल्लं त्यांच्याकडून ते वसूल झाल्याशिवाय, फक्त पाडापाडीने नदीचं कर्तव्य पार पडलं असं मानता येत नाही.

बंगले पाडले त्याच वर्षी, २०२५च्या फेब्रुवारीत, चिखलीच्याच कुदळवाडीत याहून मोठी कारवाई झाली होती. आठवडाभरात चार हजारांहून जास्त पत्राशेड, गोदामं, भंगाराची दुकानं जमीनदोस्त झाली. कुदळवाडीचा धूर, तिथल्या आगी (डिसेंबर २०२४मधली तर शहराने लांबून पाहिली) आणि तिथून नदीकडे जाणारं काळं पाणी ही खरी दुखणी होती; ती झाकायचं कारण नाही. पण भंगार म्हणजे काय? चाकण-भोसरीच्या कारखान्यांतलं उरलंसुरलं लोखंड, वेष्टनाचं प्लास्टिक, थर्माकोल, तुमच्या-माझ्या घरातला जुना पंखा. ते वेगळं करून पुन्हा वापरात आणणारे हात कुदळवाडीत होते, आणि ते काम शहराने कुठल्याही सुरक्षित, नियमाने चालणाऱ्या जागी करायची सोय आधी केली नव्हती. शेड पाडल्याने भंगार तयार व्हायचं थांबत नाही, ते दुसऱ्या गावाच्या वेशीवर जाऊन पडतं. त्या कारवाईच्या आगेमागे झालेल्या भाषणांत नाल्यापेक्षा भंगारवाल्यांच्या मुलखाचीच चर्चा जास्त होती. फुल्यांच्या गुराख्याची जागा इथे भंगारवाल्याने घेतली, एवढाच फरक. ज्याने माल बनवला आणि ज्याने वापरून टाकला त्यांच्यापैकी कुणाच्याही नावाने नोटीस निघाली नाही.

आणि ‘प्रत्येकाने स्वतःपासून सुरुवात करावी’ हा गोड सल्ला? इंद्रायणीसाठी सायकल फेऱ्या निघतात, शपथा होतात, काठावरचं प्लास्टिक वेचलं जातं. वेचू द्या, हात घाण झालेला माणूस न झालेल्यापेक्षा बरा. पण निघोज्याच्या बंधाऱ्यातून उचललेलं इंद्रायणीचं पाणी चिखलीच्या जलशुद्धीकरण केंद्रात साफ होऊन शहराला मिळतं, आणि मैला होऊन परतीच्या वाटेला लागतं. यातला किती भाग प्रक्रियेशिवाय नदीत जातो, हे माझ्या किंवा तुमच्या शपथेवर ठरत नाही. ते मैलावाहिन्या, पंपघरं आणि अंदाजपत्रकातली तरतूद यांवर ठरतं. नागरिकाचं नैतिक कर्तव्य बादलीभर पाणी वाचवण्यापेक्षा तो हिशेब मागण्यात जास्त आहे, आणि तो मागताना कुणी हार घालत नाही.

निळी रेषा आज पाटबंधारे खात्याच्या आणि नगररचना विभागाच्या नकाशात असते. घर घेणारा ते नकाशे पाहत नाही. तो सात-बारा पाहतो आणि खरेदीखत पाहतो. तेव्हा रेषेच्या आतला प्रत्येक सर्व्हे नंबर सात-बाऱ्यावरच तसा लिहावा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात त्याची यादी लावावी, आणि अशा जमिनीचा गुंठा-दोन गुंठ्यांचा व्यवहार नोंदवायला आला तर तो परत पाठवावा. याला जो विरोध होईल तो धार्मिक नसेल. असं केलं तर काठच्या जमिनींचे भाव पडतील, असं सांगितलं जाईल. पडतील, हे खरं आहे. ज्या भावाने त्या आज विकल्या जातात, त्या भावात नदीचा वाटा धरलेलाच नाही.